मुका गंधार

हरिश्चंद्र परुळेकरांच्या पेटीतला एक स्वर मुका होता, हे मालवणच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. पट्टी दाबली की भात्यातली हवा नुसती फुस्स करून निघून जायची. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पेटीतले सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी पात्या, गंजतात, त्यात नवल नाही. नवल हे, की भाईंनी, म्हणजे हरिश्चंद्रांनी, तो वर्षानुवर्षं तसाच राहू दिला. मुलं ज्या पट्टीत सा धरत, त्या पट्टीत हा नेमका गंधार होता. त्यात भाई पहिला राग शिकवायचे तो भूप, आणि भूपात गंधार म्हणजे घरातला कर्ता पुरुष. मग मुलं सा वाजवीत, रे वाजवीत, गंधाराच्या जागी बोट उचलून तो गळ्यानं म्हणत आणि पंचमावर पुन्हा बोट टेकवीत. खालच्या रस्त्यावरून टोपल्या घेऊन जाणाऱ्या मासळीवाल्या हसत म्हणत, "भाईंच्या पेटीक मधीच उचकी लागता गो."

भाई आषाढात गेले. सकाळी छत्री घेऊन बंदरावरच्या कचेरीत गेले आणि दुपारी चार माणसांनी त्यांना घरी आणलं. छत्री संध्याकाळी कुणीतरी वेगळी पोचवली.

नर्मदा त्यांची एकुलती मुलगी. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. वाचनालयातली निम्मी कपाटं तिनं उपसलेली होती, आणि भाईंच्या शेजारी बसून पेटी शिकत संगीताच्या वरच्या परीक्षाही ती देऊन बसली होती. दिवसकार्य उरकलं, भेटायला येणारे येऊन गेले, आणि एका संध्याकाळी ती केसांना तेल लावून, नेहमीचं लुगडं नेसून लवूशेटच्या माडीवर गेली. भाईंचा वर्ग तिथेच भरायचा. खाली सुक्या खोबऱ्याचं आणि सुंभाचं गोदाम, वर एक लांबट खोली, तिच्यात दोन चटया आणि ती पेटी. मार्गशीर्षात सावंतवाडीच्या केंद्रावर मुलांची प्रवेशिकेची परीक्षा होती. बसणाऱ्यांची नावं भाईंनीच पाठवलेली होती. नर्मदेनं ठरवून टाकलं होतं, की मुलांना ती तयार करणार.

तिच्या पाठोपाठ लवूशेट जिना चढून आले. माणूस वाईट नव्हता, पण खोबऱ्याच्या व्यापारात मुरलेला. नारळ फोडल्याशिवाय आत काय आहे ते बोलायचा नाही. त्यांनी आधी भाईंबद्दल चार शब्द काढले, डोळे पुसले, आणि मग मुद्द्यावर आले. गुणाजीबुवांची भजनमंडळी खोली मागत होती. बुवा वजनदार, पंचक्रोशीत नाव. शिवाय बाईमाणूस पेटी शिकवणार, तर लोक मुलं पाठवतील का, हाही प्रश्न होता. शेवटी लवूशेट म्हणाले, "भाईंची गोष्ट येगळी होती, बाय. तुका मी परीक्षेपर्यंत खोली देतंय. सगळी पोरां पास झाली, तर खोली तुझी. येक जरी नापास झाला, तर गुणाजीबुवाक. कबूल?"

"कबूल," नर्मदा म्हणाली. इतक्या लवकर म्हणाली, की लवूशेटना आपण काहीतरी कमी मागितलं असं वाटलं असावं. ते जिन्यात क्षणभर थांबले आणि मग खाली गेले.

तिनं पहिलं काम केलं ते हे, की पेटी कुडाळच्या कारागिराकडे पाठवली. परीक्षेची मुलं आणि पेटीत एक दात पडलेला, हे तिला पटत नव्हतं. कारागिरानं गंजका सूर काढून नवा बसवला, बाकीचे खरवडून सुरात आणले, भात्याला नवं कातडं लावलं. पेटी परत आली तेव्हा नवी नवरी माहेराहून यावी तशी झळाळत होती. मुलांनी आळीपाळीनं गंधाराची पट्टी दाबून पाहिली. दांडी किनाऱ्यावरच्या सुभद्रेची हिरा तर ती पट्टी सोडीचना. हिराची आई मासळी विकायची, आणि ही मुलगी दुपारभर आईबरोबर बाजारात बसून संध्याकाळी हात दोनदा साबणानं धुऊन वर्गाला यायची, पट्ट्यांना वास लागू नये म्हणून.

मग महिनाभर वर्ग असा चालला, की खालच्या हमालानंसुद्धा मान डोलवावी. अलंकार दुगुणीत, चौगुणीत. भूप सरळ, उचकीविना. गुरुदास नावाचा मुलगा, ज्याचा बाप दशावतारात राजाचं काम करायचा, तो तर बोटं अशी पळवायचा की भाता ओढणाऱ्या हाताला दम लागावा. लवूशेट एकदा वर येऊन म्हणाले, "आता कशी मशिनीसारकी वाजता." नर्मदेला ते बरं वाटलं.

भाद्रपद सरता सरता तिनं स्वर ओळखण्याची चाचणी घेतली. परीक्षेत ती असतेच. परीक्षक सा देतो, मग एखादी पट्टी दाबतो आणि विचारतो, कोणता स्वर? मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, सा दिला, आणि गंधार दाबला. गुरुदास म्हणाला, मध्यम. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहून मध्यमच म्हटलं. हिरा गप्प राहिली. तिला गाऊन दाखव म्हटलं तर तिनं गंधार म्हटला, पण थकलेला, खाली बसलेला. हीच मुलगी ज्येष्ठात, पेटीत गंधार नसताना, डोळे मिटून तो काढीत होती. आणि तो असा लागायचा, की भाई बोलायचे थांबत.

नर्मदेनं दुसरे स्वर विचारले. तीच गत. बोटं तयार झाली होती आणि कान घरी जाऊन झोपले होते. मुलांना रागवण्यात अर्थ नव्हता. दाबली पट्टी की स्वर हजर, तर ऐकण्याचे कष्ट कोण घेईल? तिनं वर्ग लवकर सोडला.

घरी आई रुक्मिणी चुलीपुढे बसली होती. नर्मदेनं तिला विचारलं, की पेटीतला तो स्वर भाईंनी मुद्दाम मुका ठेवला होता का. कधी काही बोलले होते का.

"तेंकाच इचार," आई सवयीनं म्हणाली.

आईनं चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं. मग म्हणाली, "माका काय म्हायत, बाय. छत्रेची काडी मोडली, तर तीन पावसाळे तशीच वापरली तेंनी. पेटीचापण तसाच असात. नायतर नसातपण."

नर्मदेनं त्यावर बराच विचार केला. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला खोड असते, की कुणाच्याही वागण्यामागे अर्थ असलाच पाहिजे. मेलेल्या माणसाच्या वागण्यामागे तर दुप्पट. ती एकदा म्हणे, भाईंची युक्तीच होती ती. मग तिला आठवे, की भाई "बघूया, धाडूया कुडाळाक" असं दर दिवाळीला म्हणत. युक्ती असती तर असं म्हणाले असते का? की तेही मुद्दाम? हे कोडं सुटणारं नव्हतं, कारण सोडवणारा एकच माणूस होता. शेवटी तिनं ते बाजूला ठेवलं. भाईंनी केलं ते आळसानं असो की अकलेनं, गुण आला होता एवढं खरं. आता ती ते जाणूनबुजून करणार होती.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी तिनं पेटीची वरची फळी उघडली आणि वहीच्या कागदाची बारीक पट्टी कापून गंधाराच्या सुराखाली सरकवली. सूर मुका झाला. आठवड्यानं तो कागद काढून धैवताखाली घातला. मग निषादाखाली. कोणता स्वर बंद आहे ते ती आधी सांगत नसे. वाजवता वाजवता बोट रिकामं पडे आणि तिथे गळ्यानं भरून काढावं लागे. लागला तो बरोबर की चूक, हे ती लगेच वरच्या सप्तकातला तोच स्वर दाबून दाखवी. मुलांना त्याचा खेळच झाला. जिना चढतानाच विचारीत, "ताय, आज कोण आजारी?" कधी एखादा म्हणे, "पंचमाक ताप इलो वाटता." एका आठवड्यात तिनं खुद्द षड्जच काढून घेतला. त्या आठवड्यात वर्गाची दाणादाण उडाली. सगळ्यांचा आधार तो, आणि तोच नाही. पण आठवडा संपेपर्यंत मुलं सा डोक्यात धरून बसायला शिकली. त्यानंतर त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, तर उत्तरं गोफणीच्या दगडांसारखी यायला लागली.

लवूशेटना मात्र हे रुचलं नाही. चांगली दुरुस्त केलेली पेटी पुन्हा आजारी पाडली, म्हणजे स्वतःच्या होडीला स्वतः भोक पाडण्यातला प्रकार, असं ते दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नर्मदेच्या कानावर ते आलं. तिनं कागद काढला नाही.

एक चूक तिनं केली, ती शेवटच्या आठवड्यात. परीक्षेआधी सगळ्या पट्ट्या मोकळ्या करून मुलांकडून नीट, सलग वाजवून घ्यायला हवं होतं. तिच्या मनातही तेच होतं. पण फळी उघडली तेव्हा हात थांबला, आणि तिनं शेवटचा आठवडा गंधारालाच दिला. भाईंच्या वेळचा भूप तिला पुन्हा ऐकायचा होता. तो ऐकला. सहा दिवस संध्याकाळी माडीवर तोच भूप, त्याच ठिकाणी गळ्यातून निघालेला. खालच्या मासळीवाल्यांनी वर पाहिलं, पण हसलं कुणी नाही.

सावंतवाडीला सगळे एसटीनं गेले. लवूशेटही बरोबर होते. वाडीत वसुलीचं काम आहे म्हणाले, पण काम काही त्यांनी केलं नाही. परीक्षेच्या शाळेच्या पडवीत पालकांच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. परीक्षक कोल्हापूरचे इनामदार. पेटीच्या विद्यार्थ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही, हे पडवीत आधीच पसरलं होतं. गाण्याबजावण्याच्या मोठ्या जगात पेटीला तेव्हा मान नव्हताच. रेडिओनं तिला दाराबाहेर ठेवलेलं होतं.

गुरुदास गेला आणि हसत बाहेर आला. बाकीचेही एकेक करून आले. शेवटी हिरा आत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. अलंकार झाले, ताल हातावर देऊन झाला. मग तिनं भूप सुरू केला. केंद्राची पेटी मोठी, गोड, एकही पट्टी मुकी नाही. सा वाजला, रे वाजला, आणि गंधाराच्या जागी पेटी गप्प होऊन हिराचा गळा आला. स्वच्छ, भरलेला. मग पंचम पेटीवर. पुन्हा उतरताना तेच.

पडवीत कुणीतरी खुदकन हसलं. गुरुदासनं कपाळावर हात मारला. लवूशेटनी मांडीवरची टोपी डोक्यावर ठेवली, निघायची वेळ झाल्यासारखी. आतली पेटी थांबली, आणि शिपाई विचारत आला, मालवणच्या बाई कोण?

नर्मदा आत गेली. हिरा पेटीमागे ताठ बसली होती. डोळ्यांत पाणी, पण गालावर येऊ दिलेलं नव्हतं.

इनामदारांनी चष्मा काढून विचारलं, "ही मुलगी पेटीच्या परीक्षेला बसली आहे की गाण्याच्या?"

"पेटीच्या."

"मग माझ्या पेटीचा गंधार बोलत नाही, असं तिला वाटलं का?"

"बोलता तुमची पेटी," हिराच मध्ये म्हणाली. "माकाच याद नाय ऱ्हवली."

इनामदारांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. मग त्यांनी नर्मदेला बसायला सांगितलं. वर्ग कुणाचा, कधीपासून, ही चौकशी केली. वडील आषाढात गेले हे कळल्यावर त्यांचा आवाज उतरला. ते म्हणाले, की समुद्राकाठी सूर गंजतात हे त्यांना ठाऊक आहे, नादुरुस्त पेटीवर शिकलेल्या मुलीवर अन्याय व्हायला नको, तसा शेरा ते लिहितील आणि वाजवण्याचे मार्क कापणार नाहीत. सहानुभूतीनं बोलत होते. नर्मदेनं नुसती मान हलवली असती, तरी हिरा पास होती, खोली राहत होती.

"पेटी नादुरुस्त नाही," ती म्हणाली. "तो स्वर मी बंद करते. कागद घालून."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. पट्टी दाबली की स्वर आयता मिळतो, मग मुलं ऐकायचं सोडतात. एक स्वर काढून घेतला की तो त्यांना स्वतः आणावा लागतो. शेवटच्या आठवड्यात तो कागद काढायला हवा होता, तो मी काढला नाही. तेवढी चूक माझी. शिकवण्याची रीत चूक नाही."

इनामदारांनी पेटी स्वतःकडे फिरवली, हिराला खिडकीकडे तोंड करायला लावलं, आणि भलत्याच पट्टीत सा दिला. गंधार म्हणायला सांगितला. तिनं म्हटला. त्यांनी पट्टी दाबून ताडून पाहिला, आणि दोन आवाजांत फट सापडली नाही. कोमल निषाद मागितला. तीव्र मध्यम मागितला, जो प्रवेशिकेच्या मुलांना सहसा आडवा येतो. मग सा बदलला आणि पुन्हा सुरुवातीपासून. हिराचं रडू कुठल्या कुठे गेलं. बाजारात भाव सांगावा तशी ती बिनदिक्कत उत्तरं देत होती. पडवीतल्या मुलांनी दारात गर्दी केली होती, आणि त्यांच्या मागे टाचा उंचावून लवूशेट.

शेवटी इनामदारांनी भाता मिटला. "वाजवण्याचे मार्क मी कापणार," ते नर्मदेला म्हणाले. "पेटीच्या परीक्षेत पेटी वाजली पाहिजे."

"कापायलाच हवेत."

"पुरेसे उरतील की नाही, ते बेरीज केल्यावर कळेल. निकाल पौषात." मग त्यांनी विचारलं, "षड्ज कधी काढलात का?"

"एक आठवडा."

"काय झालं?"

"आधी बुडाली. मग पोहायला लागली."

एसटीनं सगळे परत निघाले. कुडाळला चहा घेताना लवूशेट म्हणाले, की साहेब आपणहून वाचवत होता आणि हिनं हातातली दोरी सोडून दिली. असला व्यवहार उभ्या जन्मात पाहिला नाही. हिरा खिडकीशी झोपली होती. भाईंच्या वर्गाचं काय होणार, याची काळजी नर्मदेला वाटायला हवी होती. पण परीक्षेच्या खोलीत रीतीबद्दल ती जे बोलली, ते बोलताना एकदाही भाईंचं नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं, हे तिला झारापचा थांबा गेल्यापासून पुन्हा पुन्हा जाणवत होतं. त्यानं वाईट वाटलं. आणि वाईट वाटूनही, मागे घ्यावंसं काही वाटलं नाही.

पौषात निकाल लागला. सगळी मुलं पास होती. हिरा वाजवण्यात काठावर होती, बोट ठेवायला जेमतेम जागा, आणि स्वरज्ञानात केंद्रात सगळ्यांच्या वर.

त्या संध्याकाळी लवूशेट माडीवर आले ते एकटे नव्हते. त्यांच्या धोतराला धरून नात होती, यशोदा, दोन वेण्यांची. बोलायला सांगितलं की दाराआड जाणारी. खोलीचं बोलणं त्यांनी एका वाक्यात उरकलं. दिलेला शब्द दिला, गुणाजीबुवांना त्यांनी मसुऱ्याच्या देवळाची ओसरी सुचवली होती. खरं काम पुढे होतं. नातीला पेटी शिकवायची होती, आणि ती पुढच्या चतुर्थीला आरतीच्या वेळी पाहुण्यांसमोर वाजली पाहिजे.

नर्मदेनं मुलीला चटईवर आपल्यासमोर बसवलं. पेटीला हात लावू दिला नाही. आधी गाणं, मग पेटी, असं तिनं सांगितलं.

"गळो नाय गो तिका," लवूशेट म्हणाले. "म्हणान तर पेटी. तो गुरुदास कसो लगेच वाजवूक लागलो."

"गळा नाही असं माणूस नसतं, शेटजी. किती वेळ लागेल ते तिच्यावर."

"भाई असते, तर तेंनी पयल्याच दिवशी पेटी दिली असती."

वर्गातली मुलं कान देऊन ऐकायला लागली. गेले सहा महिने हे वाक्य नर्मदेनं खूप जणांकडून ऐकलं होतं, स्वतःशीही कितीदा म्हटलं होतं. भाई असते तर.

"भाई असते तर काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी असं करते."

लवूशेट टोपी काढून भिंतीला टेकून चटईवरच बसले, आता काय होतं ते पाहूनच उठणाऱ्या माणसासारखे. नर्मदेनं डाव्या हातानं भाता ओढला आणि सा दिला. यशोदेनं खाली मान घातली. नर्मदेनं सा थांबवला नाही. भाता हळूहळू हलत होता, स्वर खोलीभर उभा होता, आणि हिरा, गुरुदास, सगळेच त्या मुलीच्या तोंडाकडे पाहत होते. बऱ्याच वेळानं तिच्या ओठांतून काहीतरी आलं, सा नव्हे, त्याच्या आसपासचं.

"जवळ आहेस," नर्मदा म्हणाली. "पुन्हा म्हण."